ज्या गाईडनी जीव ओतून पीएच.डी. करून घेतली, त्यांचा गौरव शाल-श्रीफळाशिवाय कसा करावा?

शाल-श्रीफळ द्याच, त्यात वाईट काही नाही. पण तुमचा प्रश्न वाचून चार वर्षांपूर्वीचा एक निरोप समारंभ आठवला आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते.

माझी पीएच.डी. इतिहासातली, विषय पेशवाईतली तगाई, म्हणजे सरकारने शेतकऱ्यांना दिलेली उचल. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायचे, मोडी कागद वाचायचे, उतरवून घ्यायचे, असं दोन वर्षं चाललं होतं. तिसरं प्रकरण लिहून बाईंना, म्हणजे माझ्या गाईडना, दिलं. त्यातला माझा मोठा मुद्दा असा, की एका परगण्यात पीक बुडण्याच्या आधीच सरकारने रयतेला तगाई वाटली, म्हणजे कारभारी पुढचं पाहणारे होते. मला तो शोधच वाटत होता. तीन आठवड्यांनी प्रकरण परत आलं. समासात हिरव्या शाईने एक ओळ होती : 'कागद फाल्गुनातला. मृग कधी लागतो?'

मी मटकन खाली बसले. या कागदांवरचं साल सुहूर सनातलं असतं आणि तो सन मृगाला बदलतो. त्यामुळे इसवी सन काढायला जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाच्या सनात 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाच्या सनात 600. सुहूर 1171 घ्या : जुलैचा कागद 1770 चा, मार्चचा 1771 चा. हे मला येत होतं, पण एक्सेलमध्ये तक्ता करताना सरसकट 599 चं सूत्र घातलं गेलं होतं. उन्हाळ्यातले सगळे कागद एक वर्ष मागे गेले आणि पीक बुडाल्यावर दिलेली तगाई आधीची होऊन बसली. म्हणजे माझा शोध बेरजेतल्या चुकीवर उभा होता.

बाई एका शब्दानेही रागावल्या नाहीत. पुढचे सात शनिवार दुपारी मला घरी बोलावलं आणि 143 उतारे ओळीने तपासले. मी सन आणि महिना वाचायचा, त्या जंत्रीत, म्हणजे सन आणि तारखा जुळवायच्या कोष्टकांच्या पुस्तकात, बोट ठेवून साल सांगायच्या. साल जुळलं की पेन्सिलीने बारीक टिंब. मध्ये चहा व्हायचा, तोही जंत्री मिटून, कारण तिच्यावर थेंब सांडलेला त्यांना चालत नसे. प्रकरण मोडून नव्याने लिहिलं, पदवी वर्षभर लांबली.

त्याच काळात विभागातले एक सर मला व्हरांड्यात म्हणाले होते, "एवढं कोण वाचतं? माझ्याकडे असतीस तर एव्हाना डॉक्टर झाली असतीस." मी तेव्हा गप्प बसले. ते अजून खुपतं.

पुढे त्या सरांचा आणि बाईंचा निरोप एकाच दिवशी झाला. सरांच्या नावावर 21 पीएच.डी., बाईंच्या नावावर पाच. मंचावर आकड्यांवर भाषणं झाली आणि बाईंबद्दल 'विद्यार्थिप्रिय' एवढा एक शब्द आला. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. बाई कधी दोनांवर गेल्या नाहीत, कारण त्या प्रत्येक पान वाचायच्या. आणि 2018 च्या नियमांत गाईडला एका पदवीमागे 10 गुण मिळतात. प्रबंध वाचणाऱ्यालाही 10 आणि न वाचता सही करणाऱ्यालाही 10. सात शनिवारांना रकाना नाही. म्हणून 'पाच म्हणजे कमीच काम' असं म्हणणाऱ्याला मी आजही सांगते, आधी ते पाच प्रबंध उघडून बघा, मग त्या एकविसांतले कुठलेही पाच उघडा. सगळं शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आहे, कुणीही ताडून पाहावं.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. गौरव करायचा असेल तर ऋणनिर्देशात 'मोलाचे मार्गदर्शन लाभले' असलं काही लिहू नका. हे प्रत्येक प्रबंधात असतं. गाईडनी नेमकी कुठली चूक पकडली, कुठल्या प्रकरणात, ते लिहा. शोधगंगेवर प्रबंध चढला की ते पान कायमचं राहतं आणि पुढचे विद्यार्थी गाईड निवडताना तेच उघडतात. चूक कबूल करायला लाज वाटत असेल तरी लिहा.

दुसरं म्हणजे ते नोकरीत असतानाच विद्यापीठाला पत्र द्या. निवृत्तीनंतर दिलेल्या पत्राचा त्यांना काय उपयोग? विशेषणं नकोत, काय केलं ते सांगा : किती वेळा मसुदा वाचला, किती दिवसांत परत दिला, फेलोशिपच्या कागदावरची सही कधी अडवली नाही.

एक मात्र सांभाळा. व्हायव्हा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, व्हायच्या आधी भेटवस्तू, जेवण, सत्कार यातलं काहीही करू नका. चांगला गाईड ते घेणार नाही, उलट संकोचेल. आणि कमी विद्यार्थी असलेला प्रत्येक गाईड चांगलाच असतो असंही माझं म्हणणं नाही. काहींकडे कुणी जातच नाही, त्याला कारणं असतात.

पत्र देताना दोन प्रती न्या. एक आवक-जावक खिडकीत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. समारंभाच्या महिनाभर आधी मी बाईंबद्दल तीन पानी पत्र दिलं होतं, मंचावरून वाचावं म्हणून. त्या दिवशी विचारलं तर उत्तर मिळालं, असं पत्र आलंच नाही. माझ्याकडे पोहोच नव्हती.