ग्राउंड निघाल्यानंतरचं

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत येतंय आणि दहा बीम (पुल-अप्स) निघतायत, म्हणजे भरतीच्या ग्राउंडचे (शारीरिक चाचणीचे) शंभरपैकी शंभर गुण तुझ्या आवाक्यात आहेत. वाचून फार आनंद झाला. पण तुझा खरा प्रश्न वेगळा आहे. ‘सैन्यात जाऊ का?’ असं तू विचारलंयस.

आमच्या वेळी मागं पेन्शन आहे हे धरूनच घरचे हो म्हणत. तो हिशोब तुला लागू नाही. 2022 पासून शिपाई म्हणून जाणारा पोरगा अग्निवीर होतो, तोही चार वर्षांसाठी. पहिल्या वर्षी पगार 30 हजार, त्यातले 9 हजार सेवानिधीला जातात, हातात 21 हजार. सरकार तेवढीच भर घालतं आणि शेवटी व्याजासह 11 लाखांच्या आसपास मिळतात. पेन्शन नाही. तुकडीतल्या 25 टक्क्यांपर्यंतच पोरांना पुढं कायम करतात, बाकीचे ऐन तारुण्यात घरी परत येतात. त्या चार वर्षांत लग्न करता येत नाही आणि मनात आलं म्हणून मध्येच सोडूनही येता येत नाही. हे सगळं आईसमोर बसून स्पष्ट बोल. पाचव्या वर्षी काय करणार, हेही सांग. बारावी राहिली असेल तर आधी ती पूर्ण कर. एवढं होऊनही ओढ कायम असेल तर खुशाल जा, मी तुझ्या पाठीशी आहे. पण भरतीच्या अकॅडमीची फी भरून झालीय म्हणून जाऊ नकोस. बुडालेली फी परवडते.

आता ट्रेनिंगचं. मराठा लाईट इन्फंट्री मिळाली तर बेळगाव, बॉम्बे सॅपर्स मिळाली तर खडकी, तोफखाना मिळाला तर नाशिक रोड किंवा हैदराबाद. कुठंही गेलास तरी सुरुवातीचे आठवडे कठीणच जातात आणि तिथं पोरं दमानं हरत नाहीत, नडगीनं हरतात. भरतीच्या नादात महिनोन् महिने डांबरीवर पळायचं, दुखणं अंगावर काढायचं आणि तसंच ट्रेनिंग सेंटरला पोचायचं. तिथं ड्रिलला दिवसभर बूट आपटायचे असतात. हाडाला बारीक चीर गेली की पोरगा एमआय रूममध्ये (सेंटरच्या दवाखान्यात), तुकडी पुढं, आणि बरा झाल्यावर त्याला मागच्या बॅचबरोबर बसवतात. सोबती पुढं गेलेले बघणं फार जड जातं. म्हणून आतापासून मातीवर पळ, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घे, पोटऱ्यांचा व्यायाम कर. निकाल लागल्यावर जास्त पळू नकोस. तेव्हा जड बूट घालून चालायची सवय लाव.

उस्ताद (ट्रेनिंग देणारे) रगडा देतील, म्हणजे शिक्षा म्हणून घाम काढतील. एकाची चूक आणि शिक्षा सगळ्या स्क्वॉडला, असंही होईल. त्याचा राग त्या पोरावर काढू नकोस, रात्री त्याला बूट पॉलिश शिकव. रगड्याची कुरकुर करू नये, पण दुखापत लपवूही नये. पाय टेकवत नसेल तर त्याच दिवशी उस्तादांना सांग. लपवणारा स्वतःचंच नुकसान करतो.

हिंदी बोलायला लाग. ‘दाहिने मुड’ ऐकून डोक्यात भाषांतर करत बसलास तर अख्खी रांग वळून गेलेली असेल. शेजारच्या खाटेवर राजस्थानचा किंवा तामिळनाडूचा पोरगाही असू शकतो, त्याच्याशीही हिंदीतच बोलावं लागेल. तिथं मोबाईल हाताशी नसेल, म्हणून रात्री दहाला तो बाजूला ठेवून झोपायची सवय आजच लाव.

कोणी ‘साहेब ओळखीचे आहेत, मेडिकल काढून देतो’ म्हणाला तर एक रुपयाही देऊ नकोस, आणि वडिलांनाही देऊ देऊ नकोस. मेडिकलआधी कान डॉक्टरकडून साफ करून घे. अनफिट लावलंच तर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये फेरतपासणी मागता येते, म्हणून तिथूनच निराश होऊन घरी येऊ नकोस.

लेखी आधी आहे, ग्राउंड नंतर. गणित रोज सोडव. आणि दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर नि डोमिसाईलवर नाव, जन्मतारीख अक्षरशः एकसारखी आहे का ते आज संध्याकाळी बघ. फरक असेल तर लगेच फोन कर, दुरुस्तीला वेळ लागतो.

तुझा,
काका