नवीन फोन पुढच्या महिन्यात येतोय, थांबावं का? दुकानदार आत्ताचंच मॉडेल घ्या म्हणतो

तुम्ही लिहिलंय की बजेट पंधरा हजारांचं आहे, येणाऱ्या फोनची किंमत ‘लीक’ झाली आहे, आणि दुकानदार थांबू नका म्हणतोय म्हणजे त्याला जुना माल खपवायचा असणार. या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. तासगावात आमचं मोबाइलचं दुकान आहे. काउंटरला मी असते, रिपेरिंग माझे मिस्टर बघतात. हा आरोप मी रोज ऐकते, त्यामुळे आधी त्याचंच उत्तर देते.

फोनची किंमत उतरते तेव्हा दुकानात असलेल्या, ॲक्टिव्हेट न झालेल्या फोनच्या किमतीतला फरक बहुतेक मोठ्या कंपन्या आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा नंबर) बघून क्रेडिट नोटनं, म्हणजे आमच्या खात्यात जमा दाखवून, देतात. ते पैसे उशिरा येतात, डिस्ट्रिब्युटरच्या मागं लागावं लागतं, पण येतात. नवं मॉडेल आलं की जुना माल आमच्या गळ्यात पडतो, हे अर्धंच खरं आहे. उलट नव्या मॉडेलवर स्कीम असते, फोन दुकानात दर्शनी मांडायचे पैसे असतात, गर्दी असते. म्हणजे तुम्ही थांबलात तर दुकानदाराचा फायदाच होऊ शकतो. तरीही मी लोकांना थांबू नका म्हणते, ते २०१६ पासून.

१७ फेब्रुवारी २०१६ ला दिल्लीत ‘फ्रीडम २५१’ जाहीर झाला. नोएडाची रिंगिंग बेल्स नावाची कंपनी, आधी कुणी नाव ऐकलेलं नाही. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती, कार्यक्रमाला भाजपचे नेते मुरली मनोहर जोशी हजर. चार इंची स्क्रीन, एक जीबी रॅम, आठ जीबी मेमरी, १४५० एमएएचची बॅटरी, वर एक वर्षाची वॉरंटी, आणि किंमत २५१ रुपये. घरपोच पाठवायचे ४० वेगळे, म्हणजे सगळे मिळून २९१. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बुकिंग सुरू होणार होतं.

आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे द्राक्षाचा आणि बेदाण्याचा सीझन. शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायकांच्या हातात त्या दिवसांत रोजाचे पैसे असतात. १८ तारखेला दुकान उघडायच्या आधीपासून लोक पायरीवर बसलेले. बऱ्याच जणांकडे कार्ड नाही, नेट बँकिंग नाही, म्हणून रोख पैसे आम्हाला देऊन आमच्या खात्यातून बुकिंग करायचं होतं. एक बाई कमरेच्या पिशवीत हजाराच्या वर रोकड घेऊन आली होती. तीन फोन पाहिजेत म्हणाली, दोन पोरांना आणि एक गावाकडच्या आईला.

माझे धाकटे दीर तेव्हा आमच्याकडेच रिचार्जचं बघायचे. त्यांनी आदल्या रात्रीच वही आखून ठेवली होती: नाव, नंबर, २९१ आणि वर आपले वीस. कंपनी चांगली का वाईट हा प्रश्न त्यांच्यासाठी नव्हताच. लोक मागतात, आपण करून द्यायचं, वीस रुपये कष्टाचे. मी म्हटलं, भाऊजी, या दुकानातून एकही बुकिंग होणार नाही. ते म्हणाले, “वहिनी, गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं आहे आणि तुम्ही त्याला परत लावता?”

मी ड्रॉवर उघडून काउंटरवर सुटे पार्ट मांडले. चार इंची फोनचा डिस्प्ले-टचचा कॉम्बो, बॅटरी, स्पीकर, चार्जिंग जॅक. कोल्हापूरच्या होलसेलवाल्याचं बिल बाजूला ठेवलं. नुसता कॉम्बो आणि बॅटरी मिळूनच आकडा २५१ च्या पुढं जात होता. त्यात बोर्ड नाही, मेमरी नाही, खोक्यातला चार्जर नाही, कुणाची मजुरी नाही. कंपनी लाखांनी माल घेते, तिला आमच्यापेक्षा स्वस्त पडेल हे मला कळतं. पण स्वस्त म्हणजे किती? भाऊजी म्हणाले, सरकारची मदत असेल. सरकारनं कुठं म्हटलंय ते दाखवा म्हटलं. जाहिरातीत ‘मेक इन इंडिया’ होतं, झेंडा होता, त्यावरनं लोकांनी तसा अर्थ काढला होता. फोन बनवणाऱ्यांच्या संघटनेनं तर तेव्हाच सरकारला कळवलं होतं की असा फोन साडेतीन हजारांच्या खाली विकणं शक्य नाही.

मग मी बाहेर येऊन पायरीवरच्या सगळ्यांना सांगितलं: फोन हातात आला की पैसे द्या, त्याच्या आधी कुणाला देऊ नका. त्या बाईला राग आला. “तुम्हाला गरिबाच्या हातात फोन नको आहे,” असं ती तोंडावर म्हणाली आणि समोरच्या दुकानात गेली. तिथं वही सुरू होती. हे वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही, कारण मला नेमकं उलट पाहिजे होतं. तिच्या हजारात आणखी थोडे घातले असते तर बरा साधा फोन, सिम आणि मेमरी कार्ड असं सगळं त्याच दिवशी तिच्या हातात देता आलं असतं. मी तसं म्हणालेही. पण २५१ चा आकडा एकदा डोक्यात बसला की हजाराचा फोन लूट वाटायला लागतो. लाँचच्या आधी गाजवलेल्या आकड्याचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो. पैसे बुडाले नाहीत तरी बाजारातल्या प्रामाणिक किमतीवरचा विश्वास उडतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. साइट काही तासांत कोलमडली, एका सेकंदाला सहा लाख लोक येताहेत असं कंपनी म्हणाली. पत्रकारांना दिलेल्या नमुन्यावर ‘ॲडकॉम’ हे दुसऱ्याच कंपनीचं नाव पांढऱ्या रंगानं झाकलेलं निघालं. सुरुवातीला ज्यांनी पैसे भरले त्या सुमारे तीस हजार लोकांना ते परत करू आणि फोन पोचल्यावरच पैसे घेऊ, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. म्हणजे मी पायरीवर सांगितलं होतं तेच. फोन जूनअखेर मिळणार होते. सात कोटींवर नोंदणी झाल्याचा दावा करणारी कंपनी जुलैत पाच हजार फोन पाठवतोय म्हणाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये गाझियाबादच्या एका वितरकाच्या तक्रारीवरून तिच्या संचालकाला अटक झाली.

आमच्या समोरच्या दुकानाकडे लोक वहीतले पैसे मागायला कितीतरी दिवस हेलपाटे घालत होते. त्यानं दिले, पण वीस-वीस कापून.

तरीही भाऊजी आजपर्यंत म्हणतात की त्या दिवशी आपलं गिऱ्हाईक समोर गेलं. दिवाळीला वही-पूजन झालं की हा विषय निघतोच. त्यांचा मुद्दा असा, की बुकिंग करून दिलं असतं तर दोष कंपनीचा राहिला असता, आपण फक्त मध्ये होतो. मला हे कधीच पटलं नाही. तासगावातल्या माणसाला नोएडा माहीत नसतं, त्याला मी माहीत असते. पैसे तो माझ्या तोंडाकडं बघून देतो. गिऱ्हाईक गेलं हे खरं आहे, काही परत आलं, काही आलं नाही. माझ्या लेखी तो तोटा योग्य जागी झाला. भाऊजी, हे वाचत असाल तर माझं उत्तर अजून तेच आहे.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही म्हणाल, ती बोगस कंपनी होती, माझा फोन नावाजलेल्या कंपनीचा आहे. बरोबर. मग जिओफोन नेक्स्टचं बघा. २४ जून २०२१ ला रिलायन्सच्या सभेत घोषणा झाली, गूगल सोबत, गणेश चतुर्थीला १० सप्टेंबरला येणार. बातम्यांत ३,४९९ रुपयांची लीक झालेली किंमत फिरत होती. चिपचा तुटवडा झाला आणि फोन आला दिवाळीला, ६,४९९ ला. १,९९९ भरून बाकी हप्त्यानं घ्यायचीही सोय होती. यात फसवणूक कुठंच नाही. ३,४९९ हा आकडा कंपनीनं कधी दिलाच नव्हता. पण ज्यांच्या मुलांची शाळा जूनपासून मोबाइलवर भरत होती, ते त्या आकड्याच्या भरवशावर दिवाळीपर्यंत थांबले असतील तर सहामाही गेली.

लीक झालेल्या किमतीखाली कुणाचीच सही नसते. मॉडेल बीआयएसच्या (सरकारच्या भारतीय मानक ब्युरोच्या) यादीत दिसलं तर फोन बहुधा येतोय एवढं समजतं, किंमत समजत नाही. कंपनी स्वतः ‘अमुकपासून सुरू’ म्हणते तेव्हाही ती सगळ्यात कमी रॅमच्या मॉडेलची असते, आणि बऱ्याचदा ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डाची सूट धरून. तुमच्याकडे ते कार्ड आहे का? नसेल तर बातमीतली किंमत तुमच्यासाठी नाहीच. बजेट पंधराचं असेल तर पंधरात काय मिळतं ते बघा, चौदा नऊशे नव्याण्णवच्या बातमीवर महिना काढू नका.

लाँचच्या दिवशीच्या कौतुकावरही फार जाऊ नका. गॅलेक्सी नोट ७ चं ऑगस्ट २०१६ मध्ये सगळीकडे कौतुक झालं, सप्टेंबरच्या सुरुवातीला बॅटऱ्या पेट घेतात म्हणून फोन परत मागवायला लागले आणि ऑक्टोबरमध्ये तो कायमचा बंद झाला. भारतात विक्री अजून सुरू व्हायचीच होती, त्यामुळे इथले लोक वाचले. नवा फोन घ्यायचाच असेल तर निदान दोन महिने लोकांच्या हातात जाऊ द्या. दोष असेल तर तो तेवढ्यात बाहेर येतो, किंमतही अनेकदा थोडी खाली येते.

हे सगळं ज्याचा फोन खरंच अडलाय त्याच्यासाठी. तुम्ही लिहिलंय की तुमचा फोन चालतोय, फक्त बॅटरी टिकत नाही. मग माझ्या मते नवा पण नको आणि दुकानातला पण नको. बॅटरी बदलून घ्या, चांगल्या प्रतीची मागा, कॉपी नको. मागचं झाकण उचललेलं किंवा बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र आजच दुकान गाठा, चार्जिंगला लावूनसुद्धा ठेवू नका.

दोन गोष्टी राहिल्या. काही दुकानांत कंपनीचा माणूस टी-शर्ट घालून उभा असतो, त्याला विकलेल्या दर फोनमागं पैसे मिळतात, आणि तो जे मॉडेल पुढं करतो ते त्याच्या हिशेबानं असतं. तुमचा दुकानदार त्यातला असेल तर तुमची शंका खरी असू शकते. त्याला विचारा, हाच फोन दोन महिन्यांनी माझ्याकडून किती रुपयांना परत घ्याल. आकडा सांगताना अडखळला तर दुसऱ्या दुकानात जा. आणि मी बोलतेय ते आठ ते वीस हजारांच्या फोनबद्दल. आयफोनचं वेगळं आहे. नवा साधारण दर सप्टेंबरला येतो आणि जुना त्यानंतर स्वस्त होतो, तिथं ऑगस्टमध्ये घाई करण्यात अर्थ नाही. प्री-बुकिंग करणारच असाल तर पैसे परत मिळतील असं पावतीवर लिहून घ्या, रोख देऊ नका, आणि फोन आल्यावर सील फोडायच्या आधी खोक्यावरचा आयएमईआय बिलावरच्या नंबराशी जुळवून बघा.