इथिओपियात कुणाच्या घरी पैसे देऊन जेवायला जाताय?

पहिल्यांदाच जाताय ना, मग बुधवार किंवा शुक्रवार गाठा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत हे उपासाचे वार. मांस, दूध, अंडी बंद. शाकाहाऱ्यांची चंगळ! एरवी नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, ‘त्सोम’ म्हणजे उपासाचं जेवण हवं म्हणा, लगेच कळतं.

ताटभर पसरलेली इंजेरा म्हणजे आंबोळीची थोरली बहीण, टेफ नावाच्या बारीक धान्याची. तिच्यावर शिरो वाढतात. पहिल्याच घासाला मी म्हटलं, अरे, हे तर पिठलं! फक्त बर्बेरे मसाल्याने लालभडक. सगळे एकाच ताटात जेवतात, उजव्या हाताने. यजमानीण स्वतःच्या हाताने घास भरवेल, त्याला गुर्शा म्हणतात. उष्टं-खरकटं मनात न आणता तोंड उघडा.

नंतर घाई नको. कॉफीचे हिरवे दाणे समोरच भाजतात, त्याचा धूर तुमच्या नाकाशी आणतात, मग बिनकानाच्या इवल्या कपांतून तीन फेऱ्या: अबोल, तोना, बरका. मी एकदा बाहेर टॅक्सी थांबवून पहिल्याच कपावर उठलो होतो. अजून लाज वाटते.

जेवणाचे पैसे मात्र आधीच ठरवा आणि शक्यतो घरच्या बाईच्याच हातात द्या.