स्टिअरिंग घरी बदलता येईल का?

प्रश्न : भाजीपाला वाहण्याच्या माझ्या जुन्या पिकअपचे स्टिअरिंग उन्हाने तडकले आहे. नवे मी स्वतः बसवू शकेन काय?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : आधी स्टिअरिंगचे मधले झाकण पाहावे. त्यावर ‘एसआरएस’ किंवा ‘एअरबॅग’ अशी अक्षरे असल्यास हे काम घरी करू नये, कारण आत अपघातात चालकाला वाचवणारी हवेची पिशवी असते; ती क्षणार्धात स्फोटासारखी फुगते आणि चुकून फुगल्यास गंभीर इजा होऊ शकते.

एअरबॅग नसल्यास काम अवघड नाही. बॅटरीची ऋण वायर काढावी, पुढची चाके सरळ करावीत, हॉर्नचे झाकण व वायर सोडवावी आणि शाफ्ट (स्टिअरिंग ज्यावर बसते तो दांडा) व जुने स्टिअरिंग यांवर समोरासमोर रंगाची खूण करावी, म्हणजे नवे त्याच स्थितीत बसवता येईल. मधला नट सैल करावा, मात्र दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवावा. अन्यथा घट्ट बसलेले स्टिअरिंग एकाएकी सुटून तोंडावर आदळते. ते पुलरनेच, म्हणजे स्क्रू फिरवून सरळ बाहेर ओढणाऱ्या अवजारानेच, ओढावे. आपल्याकडे अनेकजण हातोडी उचलतात, पण त्या ठोक्यांनी आतील बेअरिंग व शाफ्ट बिघडतात, आणि वाचलेल्या पुलरच्या भाड्यापेक्षा तो खर्च कितीतरी मोठा असतो.

नवे स्टिअरिंग आपल्याच मॉडेलचे घ्यावे, कारण शाफ्टवरील दाते जुळले नाहीत तर ते बसणारच नाही. एक दाता चुकला, तरी गाडी सरळ धावताना स्टिअरिंग तिरके दिसते. नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने) आवळावा. त्यानंतर हॉर्न वाजतो का आणि वळणानंतर इंडिकेटर आपोआप बंद होतो का, हे मोकळ्या जागेत तपासून मगच माल भरावा.