पुणं ठरलं होतं, आले मुंबईत

पत्र :
मॅडम, मी परभणीची, ओबीसी प्रवर्गातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटरला माझा नंबर लागला होता. मामांकडे राहायचं ठरलं होतं, त्यांनी खोलीही रिकामी करून ठेवली होती. दोन मैत्रिणी त्याच कॉलेजात. ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाची यादी) काकांनी भरला होता, मी फक्त बेटरमेंट (पुढच्या फेरीत वरची पसंती मिळण्याचा पर्याय) ठेवलं. शेवटच्या फेरीत मुंबईत माटुंग्याच्या व्हीजेटीआय कॉलेजला टेक्स्टाइल लागलं आणि चार दिवसांत डोंबिवलीला आत्याकडे यावं लागलं. तोवर वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. गणितातलं काही कळत नाही, कुणाशी ओळख नाही, लोकलमध्ये रोज रडू येतं. मामा रागावलेत. परभणीत एकजण बाबांना सांगतोय की पैसे भरले तर पुण्यात अजून जागा मिळवून देतो. जाऊ का परत? की ड्रॉप घेऊ?

उत्तर :
आधी त्या माणसाचं बोलू, कारण त्यात बाबांचे पैसे जातील. यंदाच्या प्रवेशाची अंतिम तारीख उलटून गेली आहे. त्यानंतर कुठल्याही कॉलेजने दिलेल्या प्रवेशाला प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता मिळत नाही, आणि मान्यतेशिवायचा प्रवेश कधी परीक्षेच्या फॉर्मला, कधी पदवीच्या वेळी अडकतो. बाबांना आजच फोन करून सांग, एक रुपयाही देऊ नका. पुढच्या वर्षी व्यवस्थापन कोट्याचा (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांचा) विचार करणार असाल तरी हिशोब नीट मांडा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण ते कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, झालेल्या प्रवेशाला. व्यवस्थापन कोट्यातून गेलीस की ही सवलत गेली.

म्हणजे यंदा परत जाण्याचा रस्ता नाहीच. हे ऐकून वाईट वाटेल, पण रोज सकाळी उठून 'जाऊ की राहू' हा विचार करत बसण्यापेक्षा हे एकदा कळलेलं बरं.

आता दुसरी गोष्ट. तू 'लागलं' असं लिहितेस. बेटरमेंट ठेवल्यावर तुझ्या यादीत हातातल्या जागेच्या वर जे असतं तेच मिळू शकतं, खालचं कधीच मिळत नाही. आणि वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप रद्द होते. म्हणजे त्या फॉर्मवर व्हीजेटीआयचं टेक्स्टाइल पुण्याच्या कॉम्प्युटरच्या वर होतं. काकांनी मोठ्या नावाच्या कॉलेजच्या सगळ्या शाखा वर टाकल्या असणार, बरेच जण तसंच करतात. त्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही, त्यांनी तुझं भलंच पाहिलं. पण कॉलेज मोठं की शाखा मोठी, हा प्रश्न फॉर्म भरताना तुझ्यासमोर यायला हवा होता. तो आता येतो आहे, म्हणून इतका त्रास होतो आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात टेक्स्टाइलबद्दल एकही वाक्य नाही. गणित आहे, लोकल आहे, मैत्रिणी आहेत, मामा आहेत. विषय नकोसा झालाय असं तू कुठेच म्हटलेलं नाहीस, आणि म्हणणार तरी कशी? पहिल्या सत्रात गणित, फिजिक्स, ग्राफिक्स असे विषय बहुतेक सगळ्याच शाखांना असतात. पुण्यात कॉम्प्युटरला तीन आठवडे उशिरा पोचली असतीस तरी मॅट्रिक्स इतकंच अवघड गेलं असतं. माझ्या मते तुझी आत्ताची अडचण उशिरा येण्याची आहे. चुकीच्या जागी आलीस की नाही, हे ठरवण्याइतकं अजून काही घडलेलंच नाही. या दोन गोष्टी एकत्र करू नकोस. उशिरा आल्यावर काय करायचं ते सांगता येतं, म्हणून तिथून सुरुवात करू.

मागचे तीन आठवडे भरून काढायला बसू नकोस. उशिरा आलेली मुलं धडा पहिलापासून सुरू करतात, तोवर वर्ग आणखी पुढे जातो आणि अंतर तेवढंच राहतं. आज वर्गात जे शिकवलं ते आज रात्री बघ, आणि ते समजायला मागचं जेवढं लागेल तेवढंच मागे जा. ग्राफिक्सच्या शीट आणि प्रॅक्टिकलचं मात्र वेगळं आहे, ते राहिलेलं भरावंच लागतं. सरांना विचारून एकेक पूर्ण करत जा, नाहीतर सबमिशनच्या आठवड्यात सगळं अंगावर येईल. उपस्थिती तुझ्या प्रवेशाच्या तारखेपासून धरावी, असा छोटा अर्ज विभागप्रमुखांना दे आणि पोच घे. तोंडी 'हो' वर थांबू नकोस.

इंग्रजीचं पत्रात ओझरतं लिहिलंयस, पण मला वाटतं गणित न कळण्यात त्याचा वाटा मोठा आहे. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाच्या अभियांत्रिकीची मराठी पुस्तकं मोफत आहेत. संकल्पना मराठीतून समजून घे, उत्तर इंग्रजीत लिहायचा सराव कर. यात कमीपणा काही नाही.

ओळखींचं म्हणशील तर शेवटच्या फेरीत आलेली तू एकटी नाहीस. उशिरा आलेल्यांचे रोल नंबर बहुधा यादीच्या शेवटी असतात, त्यामुळे प्रॅक्टिकलची बॅचही एकच पडते. तिथे बघ. ज्यांचे ग्रुप आधीच जमलेत त्यांच्यात घुसण्यापेक्षा तुझ्यासारख्याच गोंधळलेल्या एकीशी बोलणं सोपं जाईल.

लोकलबद्दल : डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो लोकल धर. वेळ जास्त लागतो, पण बसायला जागा मिळते, आणि माटुंग्याला फास्ट गाड्या थांबतही नाहीत. कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म घेऊन तीन महिन्यांचा पास काढ. तरी रोजचे तीनेक तास प्रवासात जाणं पहिल्या वर्षाला जड आहे. वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत नाव टाकलंयस का? ते नसेल तर हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम ते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी विद्यार्थ्यांसाठी शासनाची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिचे निकषही बघून ठेव.

आता टेक्स्टाइलकडे येते, कारण नातेवाईक 'कापडाचं इंजिनिअरिंग म्हणजे काय' असं विचारत असतील. व्हीजेटीआय १८८७ साली उभं राहिलं ते मुंबईच्या गिरण्यांना माणसं लागत होती म्हणून, आणि वस्त्रनिर्मितीचं शिक्षण तिथे तेव्हापासून आहे. गिरणगाव गेला, विषय मात्र पुष्कळ बदलला. शस्त्रक्रियेचे धागे, रस्त्याखाली घालायची जिओटेक्स्टाइल, आगीपासून वाचवणारे पोशाख, गाडीच्या एअरबॅगचं कापड, हे सगळं याच विषयात येतं. केंद्र सरकारने २०२० मध्ये अशा तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. म्हणून तुला कॉम्प्युटरवाल्यांइतक्याच नोकऱ्या आणि तितकाच पगार मिळेल, असं मी म्हणणार नाही. या क्षेत्रात सुरुवातीचे पगार बहुधा कमी असतात आणि काम कारखान्याच्या जवळ असतं. कुणाला ते आवडतं, कुणाला नाही. विभागातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि विचार, इंटर्नशिप कुठे केली, काम कसं होतं. त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा ताजं असेल.

शाखा बदलण्याची सोय दुसऱ्या वर्षात जाताना असते, पण जागा मोजक्या आणि गुणांवर. तिच्याच आशेवर वर्ष काढू नकोस. कॉम्प्युटरशी संबंधित मायनर (पदवीसोबतचा जोडविषय) घेता येईल का, हे मात्र नक्की विचार.

ड्रॉपबद्दल : आत्ता नाही. अंतिम तारखेनंतर प्रवेश रद्द केला तर अनामत सोडून भरलेली फी परत मिळत नाही, आणि घरी बसून पुढची सीईटी द्यायची तर आठ महिने तुला एकटीने रेटावे लागतील. पहिलं सत्र पूर्ण दे. निकाल हातात आल्यावर, आणि विभागातली चार माणसं भेटून झाल्यावरही हा विषय नकोच वाटला, तर पुन्हा सीईटी द्यायला मी स्वतः मदत करीन. तेव्हा यादी मात्र तुझ्या हाताने भरायची.

महाडीबीटीचा (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज नव्या कॉलेजच्या नावाने भरलास का ते तपास. पुण्याच्या वेळी काढलेला उत्पन्नाचा दाखला चालेल, पण बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. शुल्कमाफी या अर्जावरच अवलंबून आहे. आणि मामांना एक फोन कर. त्यांनी खोली रिकामी केली होती आणि बातमी त्यांना दुसऱ्याकडून कळली असेल, तर त्यांना लागणारच. तू स्वतः बोललीस तर दिवाळीत परभणीला जाताना दोन दिवस पुण्याला उतरायला ते नाही म्हणणार नाहीत, आणि मैत्रिणीही तिथे आहेतच.