वर्षावन आणि समुद्रकिनारा : वाहनांविना सायकलवाटा

प्रश्न : आम्ही पती-पत्नी साठीच्या उंबरठ्यावर आहोत आणि सोबत दहा वर्षांची नात असणार आहे. सपाट रस्त्यावर सायकल चालवण्याची आम्हाला सवय आहे, परंतु वाहनांची भीती वाटते आणि चढ झेपत नाही. उष्ण कटिबंधातील वर्षावन आणि समुद्रकिनारा सायकलवरून पाहता येईल असे मार्ग कोणते, आणि ते आम्हाला झेपतील की नाही हे आधी कसे ओळखावे?

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेऊ, कारण मार्ग निवडताना बहुतेक जण प्रथम किलोमीटर पाहतात आणि तिथेच फसतात. सपाट, घट्ट वाटेवरचे 15 किलोमीटर तुमची नात थांबत-थांबत आनंदाने पार करील. चिखलाच्या चढणीवरचे 5 किलोमीटर मात्र मोठ्यांचाही दम काढतील. म्हणून आधी चढ पाहावा, मग वाटेचा पृष्ठभाग, आणि अंतराचा विचार सर्वांत शेवटी करावा.

चढाच्या बाबतीत जुन्या रेल्वेमार्गांवर तयार केलेल्या वाटांइतका भरवसा दुसऱ्या कशाचाच देता येत नाही. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड कमी असते, त्यामुळे रेल्वे बांधणाऱ्यांना डोंगर फोडून, भराव घालून, लांबचे वळसे घेऊन चढ सौम्य ठेवावाच लागे. 100 मीटर अंतरात दोन-तीन मीटरपेक्षा अधिक चढ अशा मार्गावर क्वचितच सापडतो. पुढे रूळ उखडले गेले तरी ती सपाटी तशीच राहते. याचे उत्तम उदाहरण सिंगापूरमध्ये आहे. तेथील तांजोंग पागार स्थानकातून मलेशियाकडे जाणारी रेल्वे 30 जून 2011 रोजी बंद झाली आणि बेटाला दक्षिणोत्तर छेदणारी सुमारे 24 किलोमीटरची ती पट्टी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी खुली करण्यात आली. मधल्या टप्प्यात ही वाट बुकित तिमाहच्या वर्षावनाला लागून जाते. जुने पोलादी पूल आणि 1932 सालचे छोटेसे स्थानकही जपून ठेवलेले आहे. ही वाट सलग डांबरी नाही. काही भागांत बारीक खडी आणि माती आहे, म्हणून मोठ्या पावसानंतर काही तास जाऊ देणे चांगले. संपूर्ण 24 किलोमीटर एका दमात करण्याचा आग्रह तुम्ही धरू नये. मधला वनाचा भाग निवांतपणे पाहावा, तोच या वाटेचा गाभा आहे.

समुद्राच्या बाजूने असाच भरवशाचा मार्ग हवा असेल, तर हवाई बेटांपैकी कौआई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरची ‘के आला हेले माकालाए’ ही काँक्रीटची रुंद वाट पाहावी. उसाच्या मळ्यांसाठी पूर्वी जो वाहतूकमार्ग होता, त्याच्या आधाराने ही वाट कापाआ गावापासून उत्तरेकडे जाते. मोटारींना येथे प्रवेश नाही आणि हिवाळ्यात सायकल थांबवून हंपबॅक देवमासे पाहता येतात. लहान मुलांसोबतच्या पहिल्या सफरीसाठी मला ही वाट फार योग्य वाटते.

दुसरा प्रकार म्हणजे ज्या बेटांवर मोटारीच नाहीत किंवा अगदी तुरळक आहेत, अशी बेटे. इंडोनेशियातील गिली बेटांवर मोटारवाहनांना बंदी असून लोक सायकलने किंवा घोडागाडीने फिरतात. मात्र तेथे काही ठिकाणी वाट मऊ वाळूत शिरते आणि सायकल हाताने ढकलावी लागते. सेशेल्समधील ला दिग बेटावर थोडी वाहने असली तरी बहुसंख्य लोक सायकलवरच असतात. वन आणि समुद्र एकाच दिवसात पाहायचे असतील, तर मी सिंगापूरच्या ईशान्येस असलेले पुलाऊ उबिन सुचवीन. चांगी येथून लहान बोटीने तेथे जाता येते आणि धक्क्याजवळच भाड्याने सायकली मिळतात. पूर्व टोकाला असलेल्या चेक जावा या पाणथळ भागावर भराव घालण्याची योजना होती, परंतु तेथील जीवसृष्टीची समृद्धी लक्षात आल्यावर नागरिकांनी आणि अभ्यासकांनी आवाज उठवला आणि 2001च्या अखेरीस ती योजना पुढे ढकलण्यात आली. त्यामुळेच आज खारफुटीमधून आणि थेट समुद्रावरून जाणाऱ्या तेथील पायवाटेने हिंडता येते. सायकल बाहेर ठेवून पायी जायचे असल्यामुळे सोबत कुलूप असावे.

तिसरा प्रकार म्हणजे ठरावीक दिवशीच वाहनांना बंद होणारे रस्ते. ब्राझीलमधील रिओ दी जानेरो शहरात तिजुका वनातला पाइनेरास रस्ता शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी मोटारींना बंद असतो. कॉफीच्या मळ्यांसाठी तोडलेले हे वन 19व्या शतकात शहराचे पाणी आटू लागल्यावर पुन्हा लावण्यात आले, म्हणून ते डोळ्यांनी पाहण्याजोगे आहे. परंतु तिथवर पोहोचण्याची चढण मोठी आहे. सायकली वाहनातून वर नेण्याची सोय झाली तरच तुम्ही हा बेत करावा.

प्रश्न : वर्षावनात सायकलने जाण्यासाठी कोणती वेळ योग्य? रेनकोट घ्यावा का?

उत्तर : विषुववृत्ताजवळ पूर्ण कोरडा म्हणावा असा महिना सहसा नसतो, त्यामुळे तेथे ऋतूपेक्षा दिवसाची वेळ महत्त्वाची ठरते. ऊन चढते तशी बाष्पयुक्त हवा वर जाते, दुपारपर्यंत ढग दाटतात आणि पाऊस बहुधा त्यानंतर कोसळतो. म्हणून उजाडताच निघावे आणि दुपारपूर्वी परतावे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील वर्षावनासारख्या, विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत मात्र ऋतू स्पष्ट असतात आणि मे ते सप्टेंबर हा काळ चांगला.

विषुववृत्ताजवळ सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश जेमतेम 20 मिनिटे टिकतो आणि दाट झाडीखाली त्याहूनही आधी अंधार होतो. सफर सकाळचीच असली तरी दिवा जवळ असू द्यावा. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही; सायकल चालू असताना अंगाला वारा लागतो म्हणून हे जाणवत नाही, पण चढावर वेग मंदावला की उष्मा एकदम वाढतो. तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी पीत राहावे आणि त्याबरोबर काही खारटही खावे. रेनकोटात घामानेच भिजायला होते, त्यापेक्षा लवकर वाळणारे कपडे आणि सामानासाठी जलरोधक पिशवी बरी.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या वाळूत सायकल चालवता येते का?

उत्तर : ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तेवढ्यातच चालवता येते. भरतीपासून ओहोटीला सहा तासांहून किंचित अधिक वेळ लागतो. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून तळओहोटीच्या आगेमागे तासभर, असा बेत आखावा आणि परतीचा वेळही त्यातच धरावा. रुंद टायरमधील हवा थोडी कमी करावी. वरच्या कोरड्या वाळूत कासवांची अंडी असू शकतात, तिकडे जाऊ नये. त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून साखळीला तेल द्यावे. पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास खारे पाणी बेअरिंगमध्ये शिरते. ओल्या लाकडी वाटेवर शेवाळ असते, तेथे उतरून चालणे हेच योग्य.

प्रश्न : अशा वाटांवर प्राण्यांचा आणि वनस्पतींचा धोका कितपत असतो?

उत्तर : वाट न सोडणाऱ्याला धोका थोडा असतो, पण काही गोष्टी ठाऊक असाव्यात. माकडे प्लास्टिकच्या पिशवीला खाऊ समजतात, म्हणून ती हँडलला अडकवू नये. क्वीन्सलँडच्या वनात कॅसोवरी हा माणसाएवढा पक्षी समोर आल्यास पळू नये. सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये धरून हळूहळू मागे सरकावे. तेथेच जिंपी-जिंपी नावाच्या झुडपाच्या पानांवर दंश करणारी बारीक लव असते आणि तिच्या वेदना दीर्घकाळ टिकतात, म्हणून वाटेकडेच्या अनोळखी पानांना हात लावू नये. मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचे झाड आढळते. त्याचे फळ विषारी असते आणि त्याच्यावरून ठिबकणाऱ्या पावसाच्या पाण्यानेही अंगावर फोड येतात, म्हणून पावसात आसरा घेताना कोणते झाड आहे हे पाहावे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील नद्यांत, खाड्यांत आणि किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरी असतात. पाण्याच्या कडेपासून किमान 5 मीटर दूर राहावे, सायकल धुण्यासाठीही ओढ्याशी वाकू नये, आणि वाट खाडीच्या पाण्यातून जात असेल तर पाणी कितीही उथळ दिसले तरी तिथूनच मागे वळावे.