बातमीदार व्हायचे नसेल, तर माध्यम-पदवीचे काय करावे?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपल्या मुलीने संज्ञापन (कम्युनिकेशन) आणि माध्यमे या विषयांत पदवी घेतली आहे, परंतु तिला बातमीदार व्हायचे नाही आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचीही आवड नाही. त्यामुळे तिची इतकी वर्षे वाया गेली की काय, अशी धास्ती आपल्याला वाटते आणि तिने आता व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी घेतलेल्या मुलाखतींचे संपादन करण्यात ती तासन्‌तास रमत असे, हे मात्र आपण पत्राच्या अखेरीस जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती त्या वाक्यात आहे.

माध्यमांचे शिक्षण घेतलेला माणूस पत्रकार किंवा निवेदक होतो, असे आपण धरून चालतो, कारण आपल्याला रोज दिसतात ती हीच माणसे. प्रत्यक्षात या पदवीधरांना काम देणाऱ्या पुष्कळ संस्था माध्यमसंस्था नसतातच. रुग्णालय, बँक, विद्यापीठ, सॉफ्टवेअर कंपनी, वस्तुसंग्रहालय, स्वयंसेवी संस्था या प्रत्येकीला लोकांशी काहीतरी बोलायचे असते आणि ते नीट, खरे आणि वेळेवर बोलणारे माणूस हवे असते.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल यांनी १९४८ साली संज्ञापनाचे पाच प्रश्न मांडले: कोण सांगते, काय सांगते, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि त्याचा परिणाम काय होतो. आपल्या मुलीने हे परीक्षेसाठी पाठ केलेच असेल. तोच कागद पुन्हा काढून प्रत्येक प्रश्नापुढे ‘हे काम पगार घेऊन कोण करते’ याचे उत्तर लिहावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते, कारण या पाचही प्रश्नांवर स्वतंत्र व्यवसाय उभे आहेत.

‘कोण सांगते’ या प्रश्नातून जनसंपर्क, प्रवक्त्याचे काम आणि संस्थेचा कर्मचाऱ्यांशी होणारा अंतर्गत संवाद ही क्षेत्रे येतात. ऑक्टोबर १९०६ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे रेल्वेचा भीषण अपघात झाला, तेव्हा रेल्वे कंपनीचे प्रसिद्धी सल्लागार आयव्ही ली यांनी माहिती दडपण्याऐवजी वृत्तपत्रांना लेखी निवेदन दिले. ते जगातील पहिले प्रसिद्धीपत्रक मानले जाते. काय घडले, काय अजून समजलेले नाही आणि पुढची माहिती केव्हा देणार, हे संकटाच्या वेळी स्पष्टपणे सांगणे हाच आजही या कामाचा गाभा आहे. मात्र त्यासाठी रात्री-अपरात्री फोन घेण्याची आणि शेकडो अनोळखी माणसांशी बोलण्याची तयारी लागते. आपल्या मुलीचा स्वभाव आपण वर्णिला आहे तसा असेल, तर मी हा मार्ग तिला आग्रहाने सुचवणार नाही.

‘काय सांगते’ हा प्रश्न मला तिचा वाटतो. पुस्तके आणि नियतकालिकांचे संपादन यात येतेच, पण त्याखेरीज तांत्रिक लेखन (एखादे उपकरण किंवा सॉफ्टवेअर कसे वापरावे, हे समजावणारे लेखन), ॲप आणि संकेतस्थळांवरील मजकुराची आखणी, तसेच उपशीर्षकांचे, म्हणजे चित्रफितीखाली दिसणाऱ्या सबटायटल्सचे, काम या वाटाही आहेत. एक साधे उदाहरण देते. पैसे पाठवताना अडथळा आला की पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी, त्रुटी क्रमांक ५०४’ एवढेच दिसते आणि माणूस घाबरतो. त्याऐवजी ‘पैसे पाठवले गेले नाहीत. आपल्या खात्यातून रक्कम वजा झालेली नाही. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा’ असे लिहिण्यासाठी आधी अभियंत्यांना विचारून रक्कम खरोखरच वजा होत नाही ना, याची खात्री करावी लागते. त्या क्षणी वापरकर्त्याच्या मनात कोणता प्रश्न असेल, हे ओळखावे लागते आणि मग शब्द निवडावे लागतात. मुलाखत संपादित करताना ती नेमके हेच करत होती.

उपशीर्षकांचेही तसेच आहे. लॅटिन लिपीत एका ओळीत साधारण ४२ अक्षरे आणि एका वेळी फार तर दोन ओळी, ही सर्रास पाळली जाणारी मर्यादा आहे, आणि बोलणाऱ्याचा अर्थ न बिघडवता तेवढ्यात बसवणे हे कसबी संपादन आहे. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ध्वनिमुद्रित चित्रफितींना उपशीर्षके देणे ही प्राथमिक पातळीवरचीच अट आहे. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यापर्यंत मजकूर पोहोचवणारे हे काम मला फार मोलाचे वाटते आणि विद्यार्थी त्याचा विचारच करत नाहीत, याचे वाईटही वाटते.

माध्यमाच्या प्रश्नात निर्मिती, ध्वनी, संकलन आणि जाहिरातींचे माध्यम-नियोजन, म्हणजे जाहिरात कोठे आणि केव्हा द्यायची हे ठरवणे, येते. ‘कोणाला’ आणि ‘परिणाम’ या दोन प्रश्नांत वाचक-प्रेक्षकांचे संशोधन आणि मोजमाप येते. तिला आकड्यांची भीती नसेल, तर सांख्यिकीचा एक पायाभूत अभ्यासक्रम तिने जरूर करावा, कारण मजकूर आणि आकडे दोन्ही समजणारी माणसे सहसा मिळत नाहीत.

लेखनाचा कच्चा मसुदा आता यंत्रही तयार करते, ही आपली काळजी अनाठायी नाही. केवळ शब्दसंख्या भरून देणारी कामे त्यामुळे आकसतील, असे मला वाटते. परंतु मसुद्यातील विधान खरे आहे का, ते कोणी तपासले आणि चुकल्यास जबाबदार कोण, हे प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र झाले आहेत. म्हणून तथ्य-पडताळणी तिने अंगी बाणवावी, मग ती कोणतीही वाट धरो.

व्यवस्थापनाची पदवी मात्र आत्ताच घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगते. दोन वर्षे काम केल्यानंतर आपल्याला नेमके काय येत नाही, हे कळते आणि मग त्या शिक्षणाचा खर्च सार्थकी लागतो. आज अनिश्चिततेपासून सुटका म्हणून प्रवेश घेतला, तर हाच प्रश्न दोन वर्षांनी पुन्हा समोर उभा राहील.

त्याऐवजी येत्या तीन महिन्यांत तिने कामाचे तीन नमुने तयार करावेत. एक, चाळीस मिनिटांच्या मुलाखतीतून ८०० शब्दांचा मजकूर, आणि सोबत काय गाळले व का गाळले याचे अर्ध्या पानाचे टिपण. दुसरा, एखादी क्लिष्ट सूचना किंवा अर्ज सोप्या भाषेत, मूळ मजकुरासह. तिसरा, पाच मिनिटांच्या चित्रफितीची उपशीर्षके. मी पाहिलेल्या निवडींत असे टिपण जोडणारे उमेदवार क्वचितच आढळले, आणि मुलाखतीचा बराचसा वेळ त्या टिपणावरच खर्च झाला.

पहिल्या नमुन्यासाठी नियतकालिकातील एखादी जुनी मुलाखत चालेल. तिचे मूळ ध्वनिमुद्रण अजून कोणाकडे आहे का, हे मात्र तिने याच आठवड्यात पाहावे, कारण अशी ध्वनिमुद्रणे फोन बदलला की कायमची हरवतात.

आपली,
करिअर मार्गदर्शक